खेळाचा रकाना



माझी भाची तिसरीत आहे. मध्यंतरी आपाकडे राहिलो तेव्हा मी तिचा एक दिवस वहीत लिहून काढला. सकाळी सात ते साडेआठ मदरशात अरबी. साडेदहा ते पाच शाळा. सहा ते साडेसात ट्यूशन. जेवण झालं की गृहपाठ. साडेनऊला पोर वहीवरच डोकं टेकून झोपली. खेळाचा रकाना कोरा. तिचा भाऊ चौथीत. शाळेतून आल्यावर तो गल्लीत क्रिकेट खेळून आला. तेवढ्या वेळात ही कोथिंबीर निवडत होती आणि धाकट्याला सांभाळत होती.

आपाला दोष देऊन मी मोकळा होणार नाही. घरात दखनी, शाळा इंग्रजी माध्यमाची. गृहपाठात काय विचारलंय हे तिला वाचता येत नाही, म्हणून ट्यूशन. ट्यूशनवाले पुन्हा आपला वेगळा गृहपाठ देतात. आणि मुलगी शिकलीच पाहिजे ही तिची जिद्द, कारण तिची स्वतःची शाळा सातवीत सुटली.

आता सरकार काय म्हणतं? केंद्राचं 2020 चं शालेय दप्तर धोरण सांगतं की दुसरीपर्यंत गृहपाठ नको आणि तिसरी ते पाचवीला जास्तीत जास्त दोन तास. रोज नव्हे, आठवड्याला! भाचीचे हे दोन तास मंगळवारीच संपतात. त्याच धोरणात असंही आहे की शिक्षकांनी मुलांना वर्गात सांगायला लावावं, काल संध्याकाळ कशी गेली, कोणते खेळ खेळलात. आमची पोर काय सांगणार?

कुणी म्हणेल, मदरशाची वेळ कमी करायला सांगतोय. तसं नाही. पण तिथेही सबक पाठ करून न्यायचा असतो, आणि हाफिजसाहेब व शाळेच्या बाई यांना एकमेकांचं ओझं माहीत नसतं. सजद्यात असताना नातू पाठीवर चढला म्हणून पैगंबरांनी सजदा लांबवला, ही हदीस आपण मोठ्या प्रेमाने सांगतो. हजरत आयेशांच्या बाहुल्यांचीही सांगतो. मग आपल्या घरातल्या पोरीच्या बाहुलीला वेळ का नाही?

हे मी तुम्हाला, विशीतल्या मुलामुलींना सांगतोय, कारण आपल्याकडे गृहपाठ करून घेतं कोण? बाजी आणि भाई. तुम्हीच आठवडाभर मुलाचा दिवस लिहून काढा. खेळ आणि मोबाइल हे रकाने वेगळे ठेवा, एकात घालू नका. मुलगा आणि मुलगी दोघांचीही पानं भरा. ती वही घेऊन शाळेत जा. सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर तिथे व्यवस्थापन समिती असते. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या स्त्रिया हव्यात. म्हणजे अम्मीही तिथे बसू शकते. खासगी शाळेत समिती नसली तरी वर्गशिक्षिका असतेच.

आम्ही तेच केलं. बाईंनी वही शांतपणे पाहिली आणि शुक्रवारी गृहपाठ द्यायचा नाही असं ठरवलं. हाफिजसाहेब म्हणाले, "सबक इथेच पाठ करून घेतो." ट्यूशन तीन दिवसांवर आली. आता भाची संध्याकाळी लंगडी खेळायला जाते, गुडघे फोडून येते. कोथिंबीर कुणी निवडायची यावर मात्र घरात अजून वाद चालू आहे. तिच्या भावाला ते पटलेलं नाही.