दारचा कुत्रा का वाळतो?



आमच्या मळ्यावर मोत्या नावाचा कुत्रा आहे. गेल्या उन्हाळ्यात तो वाळत चालला. पाठीचा कणा वर आला, फासळ्या दुरून मोजता येऊ लागल्या. थोरले बंधू म्हणाले, “अरे, त्याला दूधभाकरी वाढव की!” मी पडलो शिकलेला माणूस, पण विचार न करता तेच केलं. पातेलंभर दूध पुढं ठेवलं. दोन दिवसांत मोत्या हगवणीनं बेजार झाला.

शेवटी त्याला गुरांच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी ओठ वर करून दाखवला. हिरड्या पांढऱ्याफटक! विष्ठा तपासली, तर पोटात अंकुशकृमी. हे जंत आतड्याला चिकटून रक्त पितात. डॉक्टर हसून म्हणाले, “मास्तर, तुम्ही कुत्र्याला नाही, जंतांना पोसत होता!”

तेव्हा पहिली गोष्ट ही, की कुत्रा वाळला तर आधी कारण शोधावे. जंत, गोचीड व त्यांच्यापासून येणारा ताप, किडके दात, पिलांना पाजणे, नाहीतर साधी उपासमार, यांपैकी काहीही असेल. कारवानी जातीचा कुत्रा मुळातच सडपातळ असतो, त्याची गोष्ट वेगळी. एरवी फासळ्या हाताला लागाव्यात, पण दुरून दिसू नयेत, हे प्रमाण.

जंताचे औषध वजनावर ठरते. ते डॉक्टरांना विचारूनच द्यावे आणि ते सांगतील तेव्हा पुन्हा द्यावे.

आता खाण्याविषयी. उपाशी जनावराला एकदम पोटभर घालू नका. दिवसातून तीनचार वेळा थोडे थोडे द्या. नुसत्या भाकरीवर अंग भरत नाही. भात किंवा भाकरी कुस्करून तिच्यात उकडलेले अंडे, काटे काढलेली मासळी किंवा शिजवलेले बिनहाडाचे मटण मिसळा. पुष्कळ मोठ्या कुत्र्यांना दूध पचत नाही. उरलेली आमटी तर घालूच नका. कांदा-लसणाने कुत्र्याच्या रक्तातील तांबड्या पेशी फुटतात, आणि ज्याचे रक्त आधीच कमी झाले आहे त्याला ते फार बाधते. शिजलेली हाडेही नकोत. ती टोकदार फुटून आतडे फाडतात. स्वच्छ पाणी मात्र सदैव जवळ असावे.

वजन कसे करायचे? कुत्र्याला उचलून काट्यावर उभे राहा आणि त्यातून आपले वजन वजा करा. आठवड्यातून एकदा हे करून भिंतीवर खडूने लिहून ठेवा. दोनतीन आठवड्यांत आकडा हलला नाही, तर पुन्हा दवाखाना गाठा. खाणेच सोडले असेल, तर एक दिवसही थांबू नका.

शिक्षकबंधूंना एक विनंती. या जंतांची पिल्ले ओल्या मातीत वाढतात आणि अनवाणी पोरांच्या कातडीत शिरून खाज उठवतात. म्हणून अंगणातील कुत्र्याची घाण लगेच उचलून खोल पुरावी, हे मुलांना सांगा. आणि लाळ गाळणाऱ्या अनोळखी रोड कुत्र्याजवळ दया आली तरी जाऊ नये, हेही सांगा. ती पिसाळल्याची खूण असू शकते. आपल्या कुत्र्याला त्याची लस अवश्य टोचून घ्या.

मोत्या 12 किलोंचा झाला होता. अडीच महिन्यांत 15 किलोंवर आला. आता रात्री मळ्यात पाऊल वाजलं, की त्याचा आवाज गावापर्यंत येतो. राखणीचे काम तो आपल्या परीने करतोच. त्याच्या पोटाकडे लक्ष देणे हे काम आपले आहे.