सर, ड्रेस साधा घेऊ की भारीतला?

कराटेच्या वर्गात नवीन मूल दाखल झाले की आठवड्याच्या आत पालकांचा एक प्रश्न ठरलेला असतो. "सर, ड्रेस साधा घेऊ की भारीतला?" कोल्हापुरात एका शाळेच्या हॉलमध्ये गेली २६ वर्षे मी हा वर्ग घेतो आहे आणि या प्रश्नाचे उत्तर मी वेगवेगळ्या काळात वेगवेगळे दिले आहे. त्यातले एक उत्तर चुकीचे होते, त्याबद्दल पुढे सांगतोच.

मागच्या जूनमध्ये एक गृहस्थ आले. फौंड्रीत कामाला. मुलगी आठ वर्षांची, वर्गात येऊन जेमतेम पंधरा दिवस झालेले. त्यांनी खिशातून मोबाईल काढला आणि एका परदेशी ड्रेसचे चित्र दाखवले. किंमत अकरा हजार. "हप्त्यानं मिळतोय म्हणत्यात. पोरीचं मन मोडू नये असं वाटतंय," म्हणाले. आमच्याकडे लहान मुलाचा साधा ड्रेस सात-आठशे रुपयांत येतो. मधल्या दहा हजारांत नेमके काय मिळते, हे त्यांना सांगायला मला अर्धा तास लागला. तेच आज तुम्हाला सांगतो.

आधी हा पांढरा ड्रेस आला कुठून ते पाहू. कराटे मूळचे ओकिनावा बेटावरचे. तिथे जुनी माणसे अंगावरच्या रोजच्या कपड्यांत, नाहीतर उघड्या अंगाने सराव करीत. आमच्या वडिलांची पिढी तालमीत लंगोटावर लाल मातीत उतरायची, तसेच. १९२२ मध्ये गिचिन फुनाकोशी हे शाळामास्तर टोकियोला प्रात्यक्षिक दाखवायला गेले आणि जुदोचे जनक जिगोरो कानो यांनी त्यांना आपल्या कोडोकान संस्थेत बोलावले. त्या वेळी फुनाकोशींनी साधे पांढरे कापड विकत आणून ड्रेस स्वतःच्या हाताने शिवले, अशी आठवण कराटेवाले सांगतात. धाटणी जुदोच्या ड्रेसची, कापड मात्र हलके. म्हणजे आज ज्याच्यासाठी हप्ते बांधायची वेळ येते, त्याची सुरुवात मास्तरांच्या सुईदोऱ्याने झाली.

आता कापडाकडे येऊ. कराटेच्या ड्रेसवर ८ औंस, १२ औंस असे आकडे असतात. एक चौरस वार कापडाचे ते वजन. ८ औंस म्हणजे चौरस मीटरला साधारण २७० ग्रॅम, १२ औंस म्हणजे ४०० च्या आसपास, १४ औंस म्हणजे ४७५. पातळ कापड घामाने पाठीला चिकटते, पाय उचलताना मांडीला ओढ बसते. जाड सुती कॅनव्हास अंगापासून जरा सुटा राहतो, त्यामुळे घाम आला तरी हालचाल अडत नाही, आणि नीट वापरला तर वर्षानुवर्षे टिकतो. हा फरक खरा आहे. रोज दोन तास सराव करणाऱ्याला तो महिन्याभरात कळतो. आठवड्यातून तीन दिवस तासभर येणाऱ्या आणि त्यातला निम्मा वेळ रांगेत उभे राहण्यात घालवणाऱ्या मुलाला तो कळण्याचे कारण नाही.

जाड कापडाचा आणखी एक गुण म्हणजे आवाज. ठोसा मारला की बाही फाट् करून वाजते. २०२१ मध्ये टोकियोच्या ऑलिंपिकमध्ये कराटे खेळले गेले, तेव्हा काताचे सामने ज्यांनी टीव्हीवर पाहिले त्यांना तो आवाज आठवत असेल. तिसरे डॅन मिळाल्यावर मीही हौसेने एक जपानी बनावटीचा ड्रेस मागवला होता. किंमत सांगत नाही, घरात अजून खरी माहीत नाही. पहिल्याच दिवशी माझा ठोसा असा काही वाजला की मला वाटले, आपण आता कुठे कराटे शिकलो. बाहेरगावचे एक ज्येष्ठ शिक्षक वर्ग बघायला आले होते. त्यांनी मला शर्ट काढायला लावले आणि तोच काता बनियनवर करायला सांगितले. हॉलमध्ये चिडीचूप. "आता ऐकू येतंय तेवढं तुमचं," म्हणाले.

गंमत अशी की स्पर्धेत दोन खेळाडू समोरासमोर लढतात तेव्हा, म्हणजे कुमितेत, हाच जाड ड्रेस अडचणीचा ठरतो. तिथे चपळाई लागते, म्हणून खेळाडू मुद्दाम हलका, हवा खेळणारा ड्रेस वापरतात. तोही स्वस्त नसतो, कारण जागतिक संघटनेच्या मोठ्या स्पर्धांत मान्यता मिळालेल्या कंपन्यांचाच ड्रेस चालतो. पण तिथवर पोचलेल्या खेळाडूचे पालक मला असले प्रश्न विचारीत नाहीत.

जुदोचे गणित मात्र पूर्ण वेगळे. माझी पुतणी जुदो खेळते. तिला सुरुवातीला घरातला कराटेचा ड्रेस घालून पाठवले. काटकसर म्हणून. पहिल्या आठवड्यात बाही खांद्यापासून सुटली. जुदोत समोरच्याची कॉलर आणि बाही धरूनच फेकायचे असते. तिथे कापड हा खेळाचाच भाग आहे. म्हणून जुदोच्या जॅकेटची वीण तांदळाच्या दाण्यासारखी उठावदार आणि जाड असते. जागतिक स्पर्धांसाठी तर चौरस मीटरला ६५० ते ७५० ग्रॅम कापड असावे असा नियम आहे. ड्रेस फाटला की पकड सुटते आणि पडणारे मूल भलतेच पडते. तेव्हा जुदोसाठी दोन पैसे जास्त मोजावेत, असे मी बिनदिक्कत सांगतो.

कराटे शिकणाऱ्याने मात्र किंमत आणि शिक्का पाहण्याऐवजी ड्रेस उलटा करून शिलाई पाहावी. साधा ड्रेस फाटतो तो आसनात, लाथ मारताना. तिथे कळी घातलेली आहे का, दुहेरी टीप आहे का, काखेत कापडाचा जोड आहे का, बाजूचे बंद नीट शिवलेत का, एवढे बघितले तर आठशेचा ड्रेसही दोन वर्षे जातो. मापे १० सेंटिमीटरच्या फरकाने असतात. मुलाची उंची १२० असेल तर १३० चा घ्यावा, कारण सुती ड्रेस पहिल्या दोन-तीन धुण्यांत आटतो आणि मूल मात्र वाढतच असते. आणि आमच्या कोल्हापूरच्या पावसात १४ औंसाचा ड्रेस तीन-तीन दिवस वाळत नाही. कुबट वासाचा भारी ड्रेस घालून येणाऱ्या मुलाशेजारी उभे राहायला कोणी तयार होत नाही, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. नाकानेही.

आता माझ्या चुकीबद्दल. वर्ग नवा होता तेव्हा मी नियम केला होता, ड्रेस वर्गाचाच, छापील चिन्हाचा, आणि तो माझ्याकडूनच घ्यायचा. इचलकरंजीचे कापड, इथलाच शिंपी, आणि ड्रेसमागे दीडशे रुपये मला सुटायचे. तेवढ्यावर हॉलचे भाडे निघायचे, म्हणून मला त्यात काही गैर वाटले नव्हते. एक मुलगा तेव्हा हाफ पँट आणि बनियनवर यायचा. पायात विलक्षण ताकद आणि एकदा दाखवलेले विसरायचा नाही. मी त्याला दर आठवड्याला सर्वांसमोर विचारायचो, "ड्रेस कधी आणणार?" तीन महिन्यांनी तो यायचा बंद झाला. मी समजलो, कंटाळला. वर्षभराने त्याची आई मंडईत भेटली. भाजी घेऊन बसायची. म्हणाली, "पैसं जमवलं होतं मी, सर. पण तवर त्यानं यायचंच सोडलं. लाज वाटती म्हणायचा." तिने माझ्याकडून मेथीचे पैसे घेतले नाहीत. तो पुन्हा काही आला नाही.

त्यानंतर मी तो नियम काढून टाकला. पहिले सहा महिने कोणतीही ढिली पँट आणि टी-शर्ट चालतो. आणि हॉलमधल्या लोखंडी कपाटात मोठ्या मुलांना आखूड झालेले ड्रेस धुऊन घडी करून ठेवलेले असतात. ते कुणी नेले, याची वही मी ठेवत नाही.

फौंड्रीतल्या त्या गृहस्थांना मी कपाट उघडून दाखवले. ते आधी अवघडले. मुलगीच पुढे झाली आणि तिने आमच्या एका तपकिरी पट्टेवाल्या ताईचा जुना ड्रेस उचलला, कारण ती ताई तिला आवडायची. बाह्या लांब होत्या. बाही दुमडून वर सारलेली स्पर्धेत चालत नाही, म्हणून तिच्या आईने आतून मोड घालून टीप मारली. चार बोटे कापड आत आहे. यंदाच्या दिवाळीत त्यातले दोन बोटे उसवावे लागणार, असे दिसते.