शस्त्रावरील नाव, कागदावरील साक्ष
(व्याख्यानाचा मजकूर)

बालाघाट जिल्ह्यातील हट्टा हे गाव तेथील दगडी बावडीमुळे परिचित आहे. भंडारा, मंडला व शिवनी या जिल्ह्यांचे काही भाग एकत्र करून १८६७ साली बालाघाट जिल्हा बनविण्यात आला. त्याआधी, १८५४ साली राज्य खालसा होईपर्यंत, वैनगंगेच्या खोऱ्यावर नागपूरकर भोसल्यांचा अंमल होता. अशा मुलुखात एखाद्या जुन्या घरी देव्हाऱ्याशेजारी तलवार आढळावी, यात नवल नाही. नवल असते ते तिच्याविषयी सांगता येणारी माहिती नाहीशी होण्याच्या वेगाचे.

दसऱ्याला शस्त्र बाहेर निघते. चिंच, राख किंवा घासकागद लावून ते लख्ख केले जाते, गंधफूल वाहिले जाते. हेतू पूजेचा असतो. परंतु त्या घासण्याने पात्यावरील अक्षरे आणि सोन्याचे काम कायमचे जाऊ शकते.

या अक्षरांचे मोल काय, हे अलीकडच्या एका घटनेवरून ध्यानी येते. २९ एप्रिल २०२५ रोजी लंडन येथे सदबीज या संस्थेच्या लिलावात आलेली एक तलवार महाराष्ट्र शासनाने सुमारे ४७ लक्ष रुपयांस मिळविली. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये ती मुंबईस पोहोचली. पाते सरळ, एकधारी व युरोपीय बनावटीचे; मूठ मात्र मुल्हेरी घाटाची. अशा परदेशी पात्याच्या तलवारीस मराठीत ‘फिरंग’ म्हणत. पात्याच्या पाठीवर देवनागरीत सोन्याने कोरलेला लेख आहे: ‘श्रीमंत रघोजी भोसले सेनासाहेबसुभा’. सेनासाहेबसुभा हा किताब धारण करणारे पहिले रघुजी भोसले १७५५ साली निवर्तले. हा लेख घासला गेला असता, तर ती अनेक फिरंगांपैकी एक ठरली असती.

पारखणाऱ्याने पाते व मूठ यांचा स्वतंत्र विचार करावा. पाते मोडले की मूठ नव्या पात्यावर चढे. तेव्हा दोहोंचे वय सारखेच असेल असे नाही. परदेशी चिन्हावरही एकदम विसंबू नये. जेनोव्हाच्या पात्यांवरील विळ्यांसारख्या जोडचिन्हांची नक्कल हिंदुस्थानातील कारागिरांनी सर्रास केली.

पदकांचे शास्त्र वेगळे आहे. तेथे मुख्य पुरावा कडेवर असतो. १८०३ ते १८२६ या काळातील लढायांसाठी इंग्रजांनी ‘आर्मी ऑफ इंडिया’ पदक १८५१ साली मंजूर केले. त्याच्या पट्ट्यांवर आसई, अडगाव, गाविलगड, सीताबर्डी व नागपूर ही नावे येतात. अडगाव व गाविलगड या १८०३ सालच्या लढाया. म्हणजे पदक लढाईनंतर ४८ वर्षांनी, आणि तेही हयात असलेल्यांनाच मिळाले. पट्टी मागाहून जोडता येते. म्हणून कडेवरील नाव पलटणीच्या नोंदीशी ताडून पाहिल्याशिवाय जाणकार निर्णय देत नाही. पहिल्या महायुद्धाच्या पदकांच्या कडेवरही क्रमांक, हुद्दा, नाव व पलटण असते. नाईक यशवंत घाडगे यांना १० जुलै १९४४ रोजीच्या इटलीतील पराक्रमाबद्दल मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. या पदकाच्या मागे पराक्रमाची तारीख व आडव्या पट्टीमागे वीराचे नाव कोरण्याची रीत आहे.

येथे एक विसंगती मनास टोचते. सीताबर्डीस इंग्रजांकडून लढलेल्या शिपायाचे नाव पदकाच्या कडेवर टिकले. भोसल्यांच्या बाजूने पडलेल्या साध्या शिपायाचे नाव कोणत्याही धातूवर कोरले गेले नाही. त्याचा माग लागलाच, तर तो एखाद्या मोडी फर्दात, हिशेबाच्या वहीत किंवा घरच्या वंशावळीत लागेल. शस्त्रावरील नाव धनी कोण होता ते सांगते. ते कोणत्या हातांतून गेले, हे कागदच सांगतो.

शंभर वर्षांहून जुनी वस्तू १९७२ च्या कायद्यान्वये पुरावस्तू ठरू शकते. ती खासगीरीत्या परदेशी पाठविता येत नाही. पण कायदा वस्तूला अडवितो, विस्मृतीला नाही. ते काम घरांचे आणि ग्रंथालयांचे आहे. तलवार कोरड्या मऊ कापडाने पुसावी, घासू नये. पदकाची कड चकाकवू नये. वडीलधाऱ्यांनी सांगितलेली हकिकत तारीख घालून लिहून ठेवावी आणि घरातील मोडी कागद रद्दीत जाण्यापूर्वी ग्रंथालयात दाखवावेत. शस्त्र घराण्याचे भूषण म्हणून भिंतीवर राहील. त्यामागचा माणूस मात्र ग्रंथालयाच्या कपाटातच सापडेल.