उरुबांबाच्या खोऱ्यातील पाट
(मंडळाच्या सभेत केलेले भाषण)



मुलीबरोबर पेरू देशी जाण्याचा योग आला. तेथील इंका लोकांच्या अवशेषांविषयी चार शब्द बोलावेत, अशी आपली आज्ञा झाली.

इंकांची राजधानी कुझ्को सुमारे ११,००० फूट उंचीवर आहे. तेथून उतरले की अँडीज पर्वतातून वाहणारी उरुबांबा नदी लागते. आपल्या उपासाचा बटाटा मूळचा याच पर्वताचा! पिसाक गावी पाहावे तर डोंगराच्या उतारावर दगडी बांधांची शेते, पायरीवर पायरी. अशा शेताच्या पोटात खाली दगड, त्यावर खडी आणि वर माती घालीत. त्यामुळे पाणी मुरते, बांध फुटत नाही.

पुढे ओल्लान्तायतांबो येथे सूर्यमंदिराच्या सहा प्रचंड शिळा उभ्या आहेत. त्यांची खाण नदीपलीकडच्या डोंगरात. इंकांजवळ ना लोखंड, ना गाडी, ना बैल. माणसांनीच त्या ओढून आणल्या. वाटेत राहिलेल्या शिळांना लोक ‘दमलेले दगड’ म्हणतात. येथेच १५३६ साली मान्को इंकाने मैदानात पाणी सोडून स्पॅनिश घोडेस्वारांना मागे परतविले.

परंतु अखेर राज्य गेले. कुझ्कोच्या सूर्यमंदिराचे सोन्याचे पत्रे तर १५३३ सालीच उपसून नेले होते. साथींनी माणसे मेली, उरलेल्यांना सक्तीने दुसरीकडे वसविले आणि अनेक पायऱ्या ओसाड पडल्या. मात्र ओल्लान्तायतांबोच्या गल्ल्यांतून इंकांचे पाट आजही खळखळत आहेत. माचू पिच्चू १९११ साली हायरम बिंगहॅमने जगापुढे आणले खरे. पण तो तेथे पोचला, तेव्हा त्याच पायऱ्यांवर शेतकरी कुटुंबे पीक काढीत होती!

म्हणजे जेथे माणसाचा हात फिरत राहिला, तेथे बांध व पाट जिवंत राहिले. अँडीजमधील गावकरी आजही एकत्र जमून पाट उपसतात. ‘आज मी तुझ्या शेतात, उद्या तू माझ्या’ या रीतीला ते ‘आयनी’ म्हणतात. आपल्याकडची इर्जिक दुसरी काय आहे?

सोने पाहण्याची हौस मलाही आहे. पण त्या खोऱ्यातून मी मनात आणला तो वाहता पाट. आपल्याही गावोगावी विहिरी आहेत, तळी आहेत. त्यांचा गाळ काढण्याची पाळी कोणाची, एवढे आपण एकमेकींना विचारावे, ही विनंती करून मी आपली रजा घेते.