घोडा जिथे थांबतो

बंदुकीतला सर्वांत महत्त्वाचा भाग कोणता, असं विचारलं तर कुणी नळी म्हणेल, कुणी चाप म्हणेल. सिनेमे पाहणारी मुलं गोळी म्हणतील. माझ्या पाहण्यातल्या एका कारागिराचं उत्तर वेगळं होतं. त्याचं म्हणणं असं, की बंदूक उडवणारे भाग पुष्कळ असतात. तिला थांबवणारा भाग एकच, आणि तो नखाएवढा.

श्रोतेहो, आज मी त्या नखाएवढ्या तुकड्याविषयी बोलणार आहे. मी कविता लिहिणारा माणूस. बी.ए. झालो, तेही मराठी घेऊन. यंत्राशी माझा संबंध सायकलच्या पंक्चरपुरता. पण आमच्या मामूंच्या एका जुन्या, स्वस्तातल्या बंदुकीचा हा तुकडा मोडला होता, आणि तो पुन्हा घडताना मी दोन दिवस शेजारी बसून पाहिला होता.

मामूंचं गाव अहमदपूर आणि लोह्याच्या मधल्या माळावर. म्हणजे तालुका लातूर जिल्ह्यातला आणि मोठा बाजार नांदेडचा. तिथं ज्वारी हुरड्यात आली की माणसांची झोप जाते. रात्री रानडुकरं येतात, पहाटे हरणांचे कळप येतात. गोफण, रिकामं डबडं आणि माचाणावरची जागल, ही शेतकऱ्याची तीन हत्यारं. ज्याला परवाना मिळेल त्याच्याकडे चौथं, ठासणीची बंदूक. या परवान्याला पीक संरक्षणाचा परवाना म्हणतात. शिकारीशी त्याचा संबंध नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर तर मनाला येईल तसं जनावर मारणं हा गुन्हाच ठरला. त्यामुळे मामूंची बंदूक बहुधा आभाळाकडे तोंड करूनच वाजायची. आवाजानं कळप पांगला की काम झालं.

ज्यांनी ठासणीची बंदूक पाहिलेली नाही, त्यांच्यासाठी थोडं सांगतो. हिच्यात काडतूस नसतं. नळीच्या तोंडातून दारू ओतायची, वर चिंधी किंवा काथ्या, मग गजानं ठासायचं. नळीच्या बुडाशी एक बारीक पोकळ बोंडी असते. तिच्यावर तांब्याची इवलीशी टोपी बसवायची. त्या टोपीवर जो आपटतो तो घोडा, आणि बोटानं ओढायचा तो चाप. टोपी फुटते, ठिणगी आत जाते, बार होतो.

ठिणगीची ही युक्ती कुणा सेनापतीनं शोधलेली नाही. स्कॉटलंडमधले एक पाद्री, अलेक्झांडर फॉर्सिथ, यांना पाखरांच्या शिकारीचा नाद होता. गारगोटीच्या बंदुकीत आधी बाहेर जाळ व्हायचा, मग बार. तेवढ्यात पाखरू सावध होऊन उडून जायचं. म्हणून आघातानं पेटणाऱ्या रसायनाची कल्पना त्यांनी काढली आणि १८०७ साली तिचं पेटंट घेतलं. पुढे त्यातूनच टोपी आली. एका धर्मोपदेशकाच्या हुकलेल्या पाखरांमुळे जगाच्या लढाया बदलल्या!

आता मूळ मुद्दा. घोड्याच्या मागे, लाकडाच्या आत, त्याच्याबरोबर फिरणारा एक पोलादी तुकडा असतो. त्याला दोन खाचा असतात. घोडा थोडा मागे ओढला की चापाला जोडलेली एक जीभ पहिल्या खाचेत अडकते. ही खाच खोल असते. इथं घोडा अर्ध्यावर थांबतो आणि चाप कितीही ओढला तरी सुटत नाही. टोपी बसवायची ती या अवस्थेत, चालायचं तेही याच अवस्थेत. आणखी मागे ओढला की जीभ दुसऱ्या खाचेत जाते. ती उथळ असते. बोटाचा हलका दाब पुरे. थोडक्यात, दुसरी खाच बार काढण्यासाठी आणि पहिली खाच न काढण्यासाठी.

मामूंच्या बंदुकीची पहिली खाच झिजून झिजून तिची कड तुटली होती. १९८४ च्या हिवाळ्यात एका रात्री माचाणावर बंदूक नुसती उचलताना घोडा अर्ध्यावरून सुटला. बार माचाणाच्या पाल्यातून वर गेला. शेजारच्या शेताचे तात्या तेव्हा हातभर अंतरावर बसले होते. कुणाला काही झालं नाही. पण त्या रात्री मामूंनी बंदूक पुन्हा भरली नाही.

गावात सल्ले देणारे पुष्कळ. कुणी म्हणालं, घोड्याला तार बांधा. कुणी म्हणालं, लोहाराकडून दोन ठोके मारून घ्या. कुणी म्हणालं, अर्ध्यावर ठेवूच नका. बंदुकीची किंमत एखाद्या शेळीहून जास्त नव्हती. तिच्यासाठी नांदेडच्या खेपा कशाला, असं मामीलाही वाटत होतं. मामू मात्र ऐकेनात. त्यांचं कारण मला पुष्कळ उशिरा कळलं. ते सांगायचं तर थोडं मागं जावं लागेल.

आमचा हा मुलूख १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. रझाकारांचा पुढारी कासिम रझवी लातूरलाच वकिली करत असे. रझाकारांनी गावोगाव काय केलं, ते मराठवाड्यातल्या घराघरांत अजून सांगितलं जातं आणि ते सांगितलंच पाहिजे. त्यांच्याविरुद्ध लिहिणारे ‘इमरोज’चे तरुण संपादक शोएबुल्ला खान यांचा हैदराबादेत ऑगस्ट १९४८ मध्ये खून झाला, हेही त्यातच सांगितलं पाहिजे. मग १३ ते १७ सप्टेंबर १९४८ या पाच दिवसांत पोलीस कारवाई झाली आणि संस्थान संपलं. १७ सप्टेंबर आपण मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन म्हणून पाळतो. पण त्यानंतरच्या आठवड्यांत जे झालं ते फार कमी बोललं गेलं. पंडित सुंदरलाल यांच्या समितीनं त्याची पाहणी केली. त्या समितीच्या अहवालानुसार सर्वांत जास्त झळ बसलेले चार जिल्हे म्हणजे उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड. लातूर त्या वेळी उस्मानाबाद जिल्ह्यात होतं. रझाकारांच्या कृत्यांचा हिशेब त्यांच्याशी काहीही संबंध नसलेल्या माणसांकडून वसूल केला गेला. मामूंचे वडील त्याच दिवसांत बाजाराला गेले ते परत आले नाहीत.

अशा घरातल्या माणसानं पुढे बंदुकीच्या परवान्यासाठी अर्ज केला. परवान्याआधी पोलिसांची चौकशी होते, शेजाऱ्यांना विचारतात. तात्यांनी आणि गावातल्या आणखी दोघांनी जबाब दिला, की हा माणूस भरवशाचा आहे, याच्या हाती बंदूक द्यायला हरकत नाही. मामू मला म्हणाले होते, “बेटा, गोळी चुकून सुटली तर एक माणूस मरेल. पण तिघांनी माझ्यासाठी दिलेला शब्दसुद्धा मरेल. तो पुन्हा कुठून आणू?”

म्हणून आम्ही नांदेडला निघालो. बंदूक रिकामी करून, गोधडीच्या कापडात गुंडाळून, परवाना खिशात घेऊन, माळाकोळी, लोहा करत एस.टी.नं. सोबत तात्याही होते. कशाला आले, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मामूंनी विचारलं नाही.

नांदेड हे शस्त्रांची ओळख असलेलं गाव. गुरू गोविंदसिंगजींनी १७०८ साली इथं देह ठेवला. सचखंड हजूर साहिबमध्ये जी शस्त्रं जपली आहेत, त्यांत तलवारी, ढाल, धनुष्य यांच्याबरोबर तोड्याची बंदूकही आहे. शस्त्रं आली की शस्त्रं उजळणारेही येतात. शिकलगार किंवा शिकलकरी ही त्यांची जात. शीखही आहेत, मुसलमानही आहेत. हा शब्द अरबीतल्या ‘सैकल’वरून आला. सैकल म्हणजे घासून लखलखीत करणं. जुन्या काळी आरसे धातूचे असत आणि त्यांच्यावर गंज चढे. म्हणून सूफी कवी मनाच्या आरशाला सैकल करायला सांगतात. आपल्या पाट्या-वस्तऱ्यांना धार लावत फिरणाऱ्या माणसाचं नाव आणि सूफींचा हा शब्द एकाच घरातले आहेत.

उस्ताद शीख होते, वयस्कर, दुरुस्तीचा सरकारी परवाना भिंतीवर टांगलेला. बंदूक दुरुस्त करायलाही परवाना लागतो. शस्त्र कायदा १९५९ च्या कलम ५ मध्ये तसं लिहिलं आहे. त्यांनी आधी मामूंचा परवाना पाहिला, बंदुकीवरचा नंबर ताडून पाहिला, वहीत नोंद केली आणि मग पेचकस हातात घेतला. म्हणाले, “खाँसाब, दुसऱ्या बंदुकीचा भाग हिला लागत नाही. नवाच घडवावा लागेल.”

याचं कारण मला पुढे वाचनात सापडलं. हातानं घडवलेल्या बंदुका दिसायला सारख्या असल्या तरी एकीचा तुकडा दुसरीत बसत नाही. जगभर तसंच होतं. १७८५ साली पॅरिसमध्ये ऑनोरे ब्लाँ नावाच्या कारागिरानं पन्नास बंदुकांच्या घोड्यांच्या यंत्रांचे सुटे भाग ढीग करून ठेवले. अमेरिकेचे वकील थॉमस जेफरसन यांनी हाताला येतील ते भाग उचलून यंत्रं जुळवली, आणि ती नीट जुळली. जेफरसननी ही नवलाई पत्रानं मायदेशी कळवली. आज आपण दुकानात जाऊन पंपाचा वॉशर नि मोटारसायकलची केबल मागतो, त्याची एक सुरुवात तिथं आहे. पण मामूंची बंदूक त्या आधीच्या जगातली. तिची जखम तिच्याच मापानं भरायला हवी होती.

उस्तादांनी मोडका तुकडा समोर ठेवला आणि पोलादाच्या कांबीतून कानशीनं नवा कोरायला घेतला. थोडं घासलं की दिव्याची काजळी लावायची, जागेवर बसवायचा, फिरवायचा, पुन्हा काढायचा. जिथली काजळी पुसली तिथं अंग लागतंय, तेवढंच घासायचं. असं किती वेळा केलं, त्याची मोजदाद नाही. दुसऱ्या दिवशी तो तुकडा भट्टीत लाल केला आणि तेलात बुडवला. याला ते पाणी देणं म्हणत. नंतर त्याचा पृष्ठभाग उजळला आणि पुन्हा हळूहळू तापवला. पोलादावर रंग चढू लागले. आधी फिका पिवळा, मग गडद होत तांबूस, जांभळा, निळा. उस्तादांना हवा होता तो पिवळा. तो दिसताच त्यांनी तुकडा बाजूला घेतला. म्हणाले, “कडक राहिला तर काचेसारखा तुटेल, नरम पडला तर मेणासारखा झिजेल. कमानीला निळा लागतो, खाचेला पिवळा.”

मला मात्र तेव्हापासून ‘पाणी’ हा शब्द सोडत नाही. फारसीत पाण्याला आब म्हणतात आणि पोलादाला दिलेल्या पाण्यालाही आबच म्हणतात. आपण मराठीत आब राखून वागावं म्हणतो, तो हाच आब. अब्रू म्हणजे आब-ए-रू, चेहऱ्याचं पाणी. आणि लातूरकरांना पाण्याची किंमत मी काय सांगावी! २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेनं पाणी आणून आम्ही प्यायलो आहोत. पण माणसाचं पाणी, त्याचा आब, म्हणजे नुसती धार नव्हे. अर्ध्यावर थांबण्याची ताकद हाही आबच.

सुंदरलाल समितीच्या अहवालात एक नोंद आहे. कित्येक दशकं तो लोकांसमोर नव्हता. मी वाचला तेव्हा या नोंदीशी थांबलो. त्या भयंकर दिवसांतही अनेक हिंदूंनी जीव धोक्यात घालून मुसलमान शेजाऱ्यांना वाचवलं, आणि एकाच धंद्यातल्या लोकांत हे विशेष दिसलं. काही ठिकाणी हिंदू विणकरांनी मुसलमान विणकरांचं रक्षण केलं, त्यात काहींचे प्राणही गेले. बाकीच्या समाजाची पहिली खाच तुटली होती, रझाकारांची आधी, सूड घेणाऱ्यांची नंतर. मागाला मांडी लावून बसणाऱ्यांची शाबूत होती. रोज एकमेकांशी काम पडतं, उसनं-पासनं चालतं, तिथं ही खाच घासून घासून नेमकी बसलेली असते. भाषणांनी ती बसत नाही.

तुकडा बसवल्यावर उस्तादांनी रिकाम्या बंदुकीचा घोडा अर्ध्यावर आणला आणि चाप जोर लावून ओढला. घोडा हलला नाही. मग त्यांनी बंदूक मामूंच्या हातात न देता तात्यांच्या हातात दिली. म्हणाले, “तुम्ही ओढून बघा.” तात्यांनी ओढून पाहिलं, मान हलवली. मजुरी दोघांनी निम्मी-निम्मी दिली. मामूंनी नको नको म्हटलं. तात्या म्हणाले, “माचाणावर मीबी बसतो की!”

आता असे उस्ताद दिसत नाहीत. ठासणीच्या बंदुका कमी झाल्या, काम कमी झालं, मुलं दुसऱ्या धंद्याला लागली. शिकलकरी म्हटलं की संशयानं बघायची काहींची सवय मात्र गेलेली नाही. हात कुशल असणं हाच जणू गुन्हा. ज्या माणसानं बंदुकीला थांबायला शिकवलं, त्याच्याकडेच आपण धोका म्हणून बघतो!

जाता जाता एक कामाची गोष्ट. कुणाच्या घरी वाडवडिलांची बंदूक माळ्यावर पडून असेल, तर ती घरी उघडू नका, लोहाराकडे नेऊ नका आणि परवानाधारक गेल्यावर लपवूनही ठेवू नका. कलम २१ प्रमाणे ती पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायची असते. मामू गेल्यावर आम्ही तेच केलं. ठाण्यातल्या हवालदारांनी नळी रिकामी असल्याची खात्री केली, घोडा मागे ओढला आणि सोडला. तो अर्ध्यावर थांबला. “चांगली ठेवलीय,” एवढंच ते म्हणाले आणि पावती लिहायला बसले.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)