चहा निवतो त्याचं गणित



मी मॅट्रिक. गोदीत पोती उचलतो, कविता लिहितो. आज बोलणार आहे डिफरन्शियल इक्वेशनवर. हसू नका.

रात्रपाळीचा चहा घ्या. चहा 80 अंश, हवा 30. दोघांत जेवढा फरक, त्याच्या दहाव्या हिश्श्याच्या वेगानं चहा दर मिनिटाला निवतो असं धरू. झालं इक्वेशन! चहा किती गरम आहे ते ती सांगत नाही. कोणत्या वेगानं बदलतोय ते सांगते.

'किती' काढायचं तर पावलापावलानं जायचं. फरक 50, म्हणून पहिल्या मिनिटात 5 गेले, उरले 75. आता फरक 45. साडेचार गेले, उरले 70.5. तिसऱ्या मिनिटाअखेर 66.45. खरं उत्तर 67.04. चुकलं कुठं? मिनिटभर आपण जुनाच वेग धरून बसलो. चहा निवत होता तसा वेगही उतरत होता. अर्ध्या मिनिटाचं पाऊल टाका, येतं 66.75. चूक निम्मी. ही रीत ऑयलरनं 1768 साली ग्रंथात मांडली. युनिव्हर्सिटीत न्यूमरिकल अ‍ॅनालिसिस शिकवतात त्यातला हा सुरुवातीचा धडा. वजाबाकी, गुणाकार आणि धीर. यात माणसाचा जन्म कुठं आडवा येतो?

येतो. मेरी जॅक्सन. अमेरिकेतली काळी बाई, 1942 ची गणिताची पदवीधर. 1951 पासून व्हर्जिनियातल्या लँगली विमान-संशोधन केंद्रात, काळ्या बायांच्या वेगळ्या विभागात आकडेमोड करायची. इंजिनिअर व्हायचं तर वरचं गणित, फिजिक्स शिकणं भाग होतं. व्हर्जिनिया युनिव्हर्सिटीचे संध्याकाळचे वर्ग हॅम्प्टन हायस्कुलात भरत, आणि ती शाळा फक्त गोऱ्यांची. गाव तिचंच, पण वर्गात बसायला नगर प्रशासनाची खास परवानगी मागावी लागली. तिनं मागितली, मिळवली. आत जाऊन बघते तर इमारत जुनाट, कुबट. यासाठी एवढा पहारा! 1958 साली ती नासातली पहिली काळी इंजिनिअर बाई झाली. 2021 साली वॉशिंग्टनमधल्या नासाच्या मुख्यालयाला तिचं नाव दिलं.

मला शाळेत एक मास्तर म्हणाले होते, 'गणित तुमचं काम नव्हे.' मी दहा वर्षं ते खरं धरून चाललो. जुनाच वेग धरला की चूक वाढत जाते, ती अशी.

तुमच्यातल्या कॉलेजात जाणाऱ्यांनी हा विषय सोडू नका. बाकीच्यांनी आज रात्री वही घ्या, पाव मिनिटाचं पाऊल टाका. बारा पावलं होतील. चूक किती उरते ते उद्या मला सांगा.