बोटुकल्या पुरे, आता डोह बघा



या अधिवेशनाच्या कार्यक्रमपत्रिकेत माझ्या अध्यक्षीय भाषणापुढे ‘गोड्या पाण्यातील मत्स्यव्यवसाय : एक आढावा’ असे छापले आहे. तो आढावा लिहून दिला आहे, तुमच्या पिशवीत असेल, सवडीने वाचा. मी सारी नोकरी मत्स्यबीज केंद्रांवर काढली. तिथे जे बोलता आले नाही ते आज ध्वनिक्षेपक हातात आहे तोवर बोलतो. विषय एकच, महाशीर मासा.

दख्खनच्या महाशीरची शास्त्राला ओळख करून दिली ब्रिटिश सैन्याधिकारी साइक्ससाहेबांनी, 1839 साली, आणि त्यांचा नमुना होता आपल्या मुळा-मुठेतला. आज पुण्याच्या पुलावरून खाली पाहा आणि त्या वर्णनावर विश्वास ठेवून दाखवा. पुढे 1970 च्या सुमाराला लोणावळ्याला डॉ. सी. व्ही. कुलकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या माशाचे कृत्रिम प्रजनन साधले. मोठे काम होते. तेच शिकून माझे पोट भरले. पण त्या यशाने आपल्या खात्यांना एक सवय जडली. नदीत वाळू उरली नाही? बोटुकल्या, म्हणजे केंद्रात वाढवलेली बोटाएवढी पिल्ले, सोडा. पाणी नासले? बोटुकल्या सोडा. पाहुणे येतात, प्लास्टिकच्या पिशव्या फुटतात, फोटो निघतो, आकडा अहवालात जातो. सहा महिन्यांनी तिथे कोणी फिरकत नाही.

लोणावळ्याचे मत्स्यबीज कावेरीतही गेले. त्या नदीला स्वतःचा महाशीर होता, नारिंगी परांचा, पाठीला उंचवटा असलेला, जगभरचे गळवाले ज्यासाठी येत असा. त्याचे शास्त्रीय नाव ‘टॉर रेमादेवी’ हे 2018 मध्ये नक्की झाले आणि तेव्हाच तो नामशेष होण्याच्या टोकाला पोहोचलेल्यांच्या यादीत गेला. धरणे, वाळूउपसा, सुरुंग यांचाही त्यात वाटा आहेच. पण आपल्या निळ्या परांच्या दख्खनी महाशीरने त्याची जागा व्यापली, हे मत्स्यबीजवाल्यांनी तरी मान खाली घालून ऐकावे.

‘नदीत मासा कमी झाला तर घालायचा नाही, मग करायचे काय?’ असे सकाळच्या सत्रात एकाने तावातावाने विचारले. अमेरिकेतल्या मोंटाना राज्याने काय केले ते सांगतो. तिथे दरवर्षी हॅचरीतले ट्राउट नद्यांत ओतत. रिचर्ड व्हिन्सेंट या अभ्यासकाने मॅडिसन नदीवर दाखवले की सोडणे थांबवले तर नदीतच जन्मलेला ट्राउट उलट वाढतो. गळवाल्यांनी आरडाओरडा केला, दुकानदार चिडले. तरीही 1974 मध्ये राज्याने जिथे ट्राउटची आपोआप पैदास होते अशा नद्यांत तो सोडणे बंद केले. पैसा आणि माणसे नदीच्या पात्राकडे वळली. आज त्या नद्यांवर गळ टाकायला जगभरातून लोक जातात.

दुसरा वाद बंधाऱ्यांचा. ‘बर्गे, म्हणजे बंधाऱ्याच्या फळ्या, तर पावसाळ्यात काढलेलेच असतात, मग माशाला अडते कुठे?’ असे अभियंते म्हणतात. त्यांनी एकदा आषाढात माझ्याबरोबर यावे. मावळातल्या एका बंधाऱ्याखाली मी भिजत उभा होतो. बर्गे काढलेले होते, पण तळाचा कट्टा तसाच. त्यावरून पाणी कमरेइतक्या उंचीवरून कोसळत होते. चढणीचे मासे उडी घेत, काँक्रीटवर आपटत, पुन्हा उडी घेत. काठावर चार पोरे पोती घेऊन बसलेली. नकाशावर तो बंधारा ‘अडथळा नाही’ या रकान्यात आहे.

महाशीरच्या गरजा फार नाहीत. खळाळते, थंड पाणी. अंडी घालायला गोटे आणि जाड वाळू. पिल्ले त्या गोट्यांच्या फटींतच दडून पहिले दिवस काढतात. उन्हाळ्यात धार तुटली की टिकायला खोल डोह, आणि काठाला उंबर-जांभूळ, कारण हा मासा पडलेली फळेही खातो. नेमके हेच आपण ‘खोलीकरण’ म्हणून उकरतो. जेसीबी ओढ्यात उतरतो आणि दोन दिवसांत ओढ्याचे गटार होते, सरळ आणि सपाट. पाणी साठले म्हणून टाळ्या पडतात.

याउलट महाड तालुक्यात वाळणकोंडीला देवीचे मासे म्हणून कोणी गळ टाकत नाही. तिथे हॅचरी नाही, योजना नाही. कोंड आहे आणि गावाचा धाक आहे, म्हणून महाशीर आहेत. सुरुंग आणि विषाने मासे मारायला कायद्याने बंदी आहे. ब्लीचिंग पावडरची रिकामी पाकिटे मात्र दर उन्हाळ्यात कोकणच्या ओढ्यांत सापडतात. वाळणच्या देवीपुढे त्या कायद्याचा धाक फिका आहे.

करायचे काय, तर प्रत्येक जिल्ह्यात एक-दोन ओढे निवडून तिथे यंत्र उतरू द्यायचे नाही. कट्ट्यांना उतार काढायचे, गोटे परत टाकायचे, काठाला वाळुंज आणि शेरणी लावायची. तपशील ठरवायला समिती नेमू. सभासद कोण, पैसा कुठला, हे दुपारी चहाला बोलू. तरुणांनी पुढे यावे, आमचे गुडघे आता ओढ्यात टिकत नाहीत.

एक विनंती मात्र आजच करतो. पुढच्या अधिवेशनात कोणी ‘इतके लाख बोटुकल्या सोडल्या’ असा अहवाल वाचायला उभा राहिला, तर त्याला खाली बसवण्याआधी विचारा : त्यातल्या जगल्या किती, आणि त्यांनी अंडी कुठल्या गोट्यांवर घातली?